काशीचे चार गुरुवार

बेलापुरातून दिवाळे गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर डॉक्टर नंदकुमार यांचा कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे. पाटीवर नाव डॉक्टरांचं, पण लोकांच्या तोंडी नाव काशीचं. "काशीताई आहेत ना आज?" असं फोनवर विचारायचं आणि मगच जनावर घेऊन निघायचं, अशी तिथली पद्धत. काशी दिवाळ्याची कोळीण. शाळा चौथीपर्यंत, आणि तीही मास्तर घरी बोलवायला यायचे म्हणून. एकोणीस वर्षं त्याच दवाखान्यात हेल्पर. डुकरासारखा माजलेला रॉटवायलर कुत्रा असो नाहीतर सोसायटीतलं लाडावून ठेवलेलं चावरं पिल्लू, काशीच्या काखेत आलं की मुकाट सुई टोचून घेणार. मांजराचं तर विचारूच नका. मानगूट चिमटीत धरायची, मागचे पाय ताणायचे, टेबलावर दाबून ठेवायचं, संपलं काम. डॉक्टर म्हणायचे, काशीने धरलेलं जनावर श्वाससुद्धा विचारून घेतं. ते ऐकलं की त्या दिवशी घरी जाताना काशीचे पाय जमिनीला लागायचे नाहीत.

आता दवाखान्याची दुसरी रीत सांगते. दर वर्षी डॉक्टर चार दिवस परिषदेला जायचे. कधी पुणे, कधी गोवा, कधी हैदराबाद. तिथे मोठमोठे डॉक्टर नवं काय निघालं ते सांगतात. आपले डॉक्टर परत आले की सोबत एक नवी पिशवी असायची, तिच्यावर कुत्र्याचं चित्र. पिशवीतली पेनं काउंटरवरच्या सोनलला, पिशवी काशीला, आणि पिशवीतलं शहाणपण डॉक्टरांच्या कपाटात. काशीच्या सासूने अशा सात पिशव्यांत सुकट-बोंबील भरून ठेवले होते. म्हणजे दर वर्षी डॉक्टर शिकून यायचे आणि दवाखाना होता तिथेच बसायचा. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं. आपल्याकडे हे असंच चालत आलंय ना! खुर्चीवर बसतो त्याने शिकायचं, उभा राहतो त्याने ऐकायचं.

गणपती झाल्यावर डॉक्टरांनी हाताखाली एक तरुण डॉक्टरीण ठेवली, वैदेही. केस कापलेले, पायात बूट, बोलणं गोड. पहिल्याच आठवड्यात तिने काशीला हळूच विचारलं, की काशीताई, मांजराला मानगुटीला न धरता टॉवेलमध्ये गुंडाळून बघायचं का? काशीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मॅडम, तुमी दुधाचे दात पाडत होता तेवा मी हितं बोका धरत होते."

सोनल तोंडावर हात ठेवून हसली. वैदेहीही हसली, पण विषय सोडला नाही तिने. दोन दिवसांनी ती थेट डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, दर गुरुवारी दुपारी दोन तास शटर अर्धं ओढून घेऊ. त्या वेळात दवाखान्यातल्या सगळ्यांनी बसून शिकायचं. काउंटरवर बसणाऱ्याने, धरणाऱ्याने, सगळ्यांनी.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण पंचवीस वर्षं चाललेल्या दुकानाला नवीन फळी ठोकायची म्हटलं की माणूस कुरकुरतोच. ते म्हणाले, शिकायचं डॉक्टरने आणि धरायचं हेल्परने, त्यात वर्ग कसला घ्यायचा? पण पोरगी हटेना. शेवटी त्यांनी तोड काढली. चार गुरुवार करून बघा. चौथ्या गुरुवारी मी काशीला विचारणार. ती फायद्याचं म्हणाली तर चालू, नाहीतर बंद.

काशी काय म्हणणार हे भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक होतं. काशीला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चौथी पास बाई आणि दोन डॉक्टरांमधला निकाल तिच्या हातात! त्या दिवशी तिने घरी जाऊन सासूला सांगितलं, की आई, मी आता जज झाले.

पहिल्या गुरुवारी काशी हाताची घडी घालून बसली आणि तशीच उठली. वर्ग सोनलसाठी होता. फोनवर कुणी म्हणालं की आमचा बोका सारखा मातीत जाऊन बसतो, कुंथतो, पण होत काही नाही, तर आपण काय करतो? सोनल म्हणाली, पोट साफ होत नसेल, उद्या सकाळची वेळ देते. वैदेहीने मान हलवली. बोक्याची लघवी अडलेली असू शकते, उद्यापर्यंत तो राहायचाही नाही, त्याला लगेच बोलवायचं. सोनलचे डोळे एवढे मोठे झाले. आठ वर्षं ती फोनवर वेळा देत होती, तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं! पुढचे चार दिवस ती फोन वाजला की झडप घालायची. काशीने नाक मुरडलं. म्हणाली, पोरीला नवं खेळणं मिळालं.

दुसऱ्या गुरुवारी मात्र गंमत उरली नाही.

वैदेहीने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांजर काढलं होतं. पुढचे पाय बाजूला फाकलेले, मान पुढे ताणलेली, तोंड उघडं. ती म्हणाली, कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं ते आपण रोज बघतो. मांजर तसं करायला लागलं तर ते अगदी काठावर उभं आहे असं समजा. कधी छातीत पाणी भरलेलं असतं. त्याची सगळी ताकद एकेक श्वास ओढण्यात चाललेली असते. त्याला टेबलावर दाबून धरलं, झटापट केली, तर उरलेली ताकद तिथेच संपते.

काशीच्या हाताची घडी सुटली.

"संपते म्हंजे?"

"जीव जातो कधीकधी, काशीताई. हातातच."

काशीच्या डोळ्यांपुढे भिंगरी आली. मागच्या वर्षीच्या दिवाळीआधीची गोष्ट. ईश्वरी नावाची नऊ वर्षांची मुलगी, तिचं करड्या रंगाचं मांजर, भिंगरी. मान अशीच ताणलेली, तोंड असंच उघडं. एक्स-रे काढायचा होता, मांजर हलत होतं, आणि काशीने ते धरलं. एकोणीस वर्षांत धरलं नसेल इतकं घट्ट. मग ते हलायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले होते, काळीज कमजोर होतं, आपण काय करणार. ईश्वरी रिकामी बास्केट दोन्ही हातांनी पोटाशी धरून पायऱ्या उतरली होती. काशीला त्या वेळी वाईट वाटलं होतं, पण आपल्या हाताबद्दल शंका अशी आली नव्हती. आता आली, आणि आली ती जाईना. वर्ग संपायच्या आधीच ती उठली आणि डबा तिथेच विसरून घरी गेली.

घरी सासू, सुमित्राबाई. वय चौऱ्याहत्तर, तोंड मात्र पंचविशीतलं. दिवाळ्याच्या बंदरावर अजून रोज पाटी घेऊन बसते आणि भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला असं ऐकवते की ते दुप्पट देऊन जातं. तिने पाहिलं, सून चुलीपाशी बसलीय आणि भाकरी करपतेय. दोनदा हाक मारली, मग तवा उतरवून ठेवला आणि म्हणाली, बोल. काशीने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, आई, मी मारली ती. आता त्या दवाखान्यात पाय नाय ठेवनार.

सुमित्राबाईने लगेच काही पाघळून तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. तसली बाईच नव्हे ती. तिने आपली गोष्ट काढली. काशीचा आजेसासरा सुती जाळी विणायचा. गावात नायलॉनची जाळी आली तेव्हा म्हातारा म्हणाला, माझ्या हाताची जाळी दर्यात नाव काढते, हे प्लास्टिक कोण घेतो? अख्ख्या गावाने जाळी बदलली, एक त्यांच्याच घराने नाही. दोन वर्षं त्यांच्या घरात दुसऱ्याच्या होडीतली मासळी शिजली.

"मंग एक दिस म्हातारा गप गेला, आन् शेजारच्या पोराजवल बसून नायलॉनची गाठ शिकला," सुमित्राबाई म्हणाली. "सत्तर वरसांचा होता. लाज त्याला नाय वाटली, आन् तुला वाटते? आयक. ठावं नव्हतं तवर जे झालं, त्याचा दोस तुज्या एकलीचा नाय. ज्याला ठावं होतं आन् ज्यानी सांगला नाय, त्याचा पन हाय. पन आता तुला ठावं झालं. आता तुजा हात तसाच चालला, नायतर तू घरात रुसून बसलीस, तर ते पाप तुज्या एकलीचं. जा, गाठ शिक."

बायांनो, चार बुकं वाचलेल्या माणसालाही एवढं सरळ सांगता येत नाही.

शुक्रवारी सकाळी शटर वर जायच्या आत काशी दारात उभी. वैदेही आली तशी म्हणाली, "मॅडम, ते टॉवेलचं परत दाखवा. सावकाश. मी दोनदा विचारीन, कंटाळू नका."

आणि मग काय सुरू झालं म्हणता! सोनलच्या पर्सला काशीने टॉवेलमध्ये गुंडाळलं. मग उशीला. मग दवाखान्यातल्या पाळीव मनीला, जी आधी ओरबाडून पळाली आणि तिसऱ्या खेपेला टॉवेलातच झोपून गेली. बास्केटमधून मांजराला ओढून काढायचं नसतं, झाकण वरचं काढायचं आणि त्याला खालच्या भागात बसू द्यायचं, तिथेच तपासायचं, हे शिकली. हिरड्यांचा रंग बघायला शिकली, गुलाबी बरा, पांढरा वाईट, निळसर म्हणजे धावा. आणि श्वास मोजायला शिकली, हात न लावता, नुसतं कुशीकडे बघून, घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फिरेपर्यंत. आकडे तिचे पक्के होते, मासळीच्या वाट्यांवर पोसलेले. संध्याकाळी ती टॉवेल घेऊन बंदरावर जायची आणि मासळीपाशी घोटाळणाऱ्या मांजरांवर हात बसवायची. आठवडाभरात दिवाळ्याच्या मांजरांनी टॉवेल ओळखला. काशी दिसली की होडीखाली पसार! पोरं हसायची. काशी म्हणायची, हसा, तुमची मावशी शाळेत जातेय.

तिसऱ्या गुरुवारी वैदेहीने खडू काशीच्या हातात दिला. म्हणाली, आज मी शिकवणार नाही, तुम्ही शिकवा. कुत्रं चावणार हे तुम्हाला आधी कसं कळतं? मला कळत नाही, मागच्या महिन्यात दोनदा वाचले मी.

काशीला वाटलं पोरगी टिंगल करतेय. पण वैदेही वही उघडून बसली होती, पेन हातात. तेव्हा काशीने पदर खोचला. खडूला तिने काही हात लावला नाही, स्वतःच कुत्रं झाली. सांगू लागली, की गुरगुरणं फार पुढची गोष्ट. आधी ते ओठ चाटतं, समोर खायला काही नसताना. मग जांभई देतं, झोप आलेली नसताना. मग तोंड तिकडे आणि डोळा इकडे, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसायला लागतो. आणि अंग एकदम थिजतं. त्या वेळी हात पुढे केला तर तो हात तुमचा नाही. सोनल टाळ्या पिटायला लागली. वैदेही भराभर लिहीत होती, आणि लिहिता लिहिता म्हणाली, जरा हळू सांगा, काशीताई, सुटतंय माझं.

शिकलेली डॉक्टरीण चौथी पास बाईचं बोलणं उतरवून घेते! काशीच्या अंगावर काटा आला. एकोणीस वर्षांत तिच्या हाताचं कौतुक पुष्कळ झालं होतं. डोक्याचं आज पहिल्यांदा झालं.

मग चौथा गुरुवार उजाडला.

डॉक्टर त्या दिवशी मुद्दाम दुपारी थांबले होते. तीन गुरुवार ते केबिनचं दार लावून पेपर वाचत बसले होते. आज निकाल ऐकायचा होता. वैदेही मात्र अडकली होती. सीवूड्सच्या एका सोसायटीत कुत्री बाळंतपणात अडली होती, तिथून ती निघाली नव्हती. शटर अर्धं खाली. डॉक्टर बाहेर येऊन गमतीत म्हणाले, काय जजसाहेब, काय ठरलं? काशी तोंड उघडणार, तेवढ्यात शटरखालून वाकून चारुलता टीचर आत आल्या. पाम बीच रोडकडच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. हातात बास्केट, बास्केटमध्ये त्यांचं पांढरं मांजर, बुंदी. टीचर नुसतं म्हणत होत्या, सकाळी बरी होती, सकाळी बरी होती.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "काशी, टेबलावर घे. आधी एक्स-रे काढू."

काशीने बास्केटमध्ये पाहिलं. पुढचे पाय फाकलेले. मान ताणलेली. तोंड उघडं, आणि आतल्या हिरड्या शाळेतल्या दगडी पाटीसारख्या निळ्या-करड्या. कॅलेंडरच्या पाठीवरचं चित्र जसंच्या तसं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाय धरनार, साहेब."

"काय?"

"आता हिला धरायची नाय. आधी ऑक्सिजन."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. गिऱ्हाइकासमोर, स्वतःच्या दवाखान्यात, स्वतःच्या हेल्परने. ते म्हणाले, वेळ जातोय, निदान मी करायचं की तू? ही नोकरी म्हणजे काशीच्या घराचा अर्धा भात होता. पण आवाज हलला नाही.

"निदान तुमीच करा, साहेब. हात माझे हाईत. भिंगरीला मी धरली होती. तुमी म्हनालात काळीज कमजोर, मी हो म्हटलं. आज मला ठाऊक हाय. ही माझ्या हातात गेली, तर टीचरना मी काय तोंड दाखवू?"

डॉक्टरांनी काशीकडे पाहिलं, बास्केटकडे पाहिलं. आणि इथे त्या माणसाला मी मानते, की त्यांनी मानापमानाचा घास तिथल्या तिथे गिळला.

"सिलिंडर उघड," ते म्हणाले.

मग काशी विजेसारखी हलली! बास्केटचं झाकण वरून काढलं, मांजराला हात न लावता. वर टॉवेल पसरला, एका कडेने ऑक्सिजनची नळी आत सरकवली. सोनलला म्हणाली, दिवे घालव, फोन बंद कर. टीचरना बाकावर बसवलं आणि बजावलं की रडायचं ते आवाज न करता. स्वतः जमिनीवर बसून टॉवेलच्या फटीतून कुशीकडे बघत राहिली. घड्याळाचा काटा अर्धा फिरला. "छत्तीस," ती हळूच म्हणाली. थोड्या वेळाने, "चौतीस." मग बराच वेळ तोच आकडा. टीचरने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. मग, "अठ्ठावीस, साहेब. हिरडी बघा, रंग येतोय."

डॉक्टरांनी तोवर बारीक सुई आणि नळी तयार ठेवली होती. मांजर बास्केटमध्ये बसलं होतं तसंच राहू दिलं. काशीने टॉवेलची घडी फक्त त्याच्या डोळ्यांवर आणि खांद्यांवर ठेवली, हात असे की जणू वर फूल ठेवलंय. सुई छातीत गेली. नळीतून पिवळसर पाणी यायला लागलं, एक सिरिंज भरली, दुसरी भरली, तिसरी. वाटीभर पाणी त्या एवढ्याशा छातीतून निघालं! आणि सगळ्यांच्या देखत बुंदीने तोंड मिटलं. नाकाने श्वास घेतला. दुसरा घेतला. मग टॉवेलखालून मान वर काढून तिने एक बारीकसं म्यांव केलं, जणू विचारतेय की एवढी गर्दी कशाला?

टीचर मोठ्याने रडल्या, आता कुणी अडवलं नाही. सोनल नाचली. काशी मात्र जमिनीवरच बसून बुंदीचा श्वास पुन्हा मोजत होती.

बुंदीच्या छातीत पाणी का भरलं याचा शोध पुढे व्हायचा होता, औषधं व्हायची होती, ते डॉक्टरांनी टीचरना नीट समजावलं. मग ते काशीजवळ स्टूल ओढून बसले. वैदेही धापा टाकत शटरखालून आत आली तेव्हा डॉक्टर बोलत होते, आणि ती दारातच थांबली.

"काशी, हे सगळं मी हैदराबादला ऐकलं होतं," ते म्हणाले. "भिंगरीच्या आधी. वहीत लिहून ठेवलंय. घाई झाली की हात जुन्याच रस्त्याने जातो. आणि तुला तर मी सांगितलंच नाही. तुला सांगायचं असतं, हेच माझ्या डोक्यात कधी आलं नाही."

काशीने डोळे पुसले. खूप बोलता आलं असतं तिला, आणि तिच्या जिभेला धार आहे हे तुम्ही पाहिलंच. पण ती म्हणाली, "साहेब, निकाल ऐकायचाय ना? फायदा हाय, वर्ग चालू ठेवायचा. पन हजेरी नीट घ्यायची. तीन गुरुवार झाले, एक विद्यार्थी तिन्ही येळा केबिनमध्ये दांडी मारून बसला होता."

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग डॉक्टरच आधी हसले, मोठ्याने, पोट धरून. त्यांनी केबिनमधून आपली ती वही आणली, सोनलच्या शेजारी बाकावर बसले आणि वैदेहीला म्हणाले, मॅडम, करा सुरू, आज अजून पाऊण तास आहे.

तर माझ्या बायांनो आणि बाबांनो, तुमच्या घरी, दुकानात, ऑफिसात असा एखादा हात असेलच, जो रोज काम करतो आणि ज्याला कुणी काही सांगत नाही. कारण काय, तर तो शिकलेला नाही! अहो, तो शिकलेला नाही म्हणूनच तर सांगायचं. साहेबाच्या वहीत बंद पडलेल्या ज्ञानाने आजवर एकही जीव वाचलेला नाही. जीव वाचतो तो धरणाऱ्या हाताला कळलं म्हणजे. आणि त्या हातानेही एवढं लक्षात ठेवावं, की मला सगळं येतं असं ज्या दिवशी वाटेल, त्याच दिवशी कुणाजवळ तरी बसून नवी गाठ शिकून घ्यावी. शिकण्याने कुणाचा मान गेला नाही. गेले ते जीव, न शिकण्याने.